टेबलातला कोड

लाटेकमधे टेबल छान होतं. लाटेकमधे कोडही छान छापता येतो. पण टेबलात कोड घालायचा म्हटलं, की लग्नघरातल्या दोन मानी मावश्यांसारखी गत होते. वेगवेगळ्या खोल्यांत असल्या तर दोघी गोड. एका पंगतीला शेजारी बसवल्या, की जेवण राहतं बाजूला आणि सगळं घर समजूत काढत बसतं.

गेले दोन विकेंड मी ही समजूत काढत होतो. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतोय. एक म्हणजे पुढच्या वेळी मलाच लागेल, आणि दुसरं म्हणजे थीसिस, मॅन्युअल किंवा ऑफिसचं डॉक्युमेंट लिहिताना तुमच्यापैकी कोणीतरी इथे अडकणार, हे नक्की.

ज्यांचा लाटेकशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वर्डमधे आपण जे दिसतं तेच टाइप करतो. लाटेकमधे साध्या मजकुरात खुणा लिहायच्या (हे शीर्षक, हे टेबल, हा तिरका शब्द) आणि मग प्रोग्रॅम त्यातून पानं तयार करतो. याच्या पोटातलं इंजिन म्हणजे डोनाल्ड क्नुथ यांचं टेक. क्नुथना १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची छापखान्यातून आलेली प्रुफं इतकी वाईट वाटली, की त्यांनी छपाईसाठी प्रोग्रॅमच लिहायला घेतला. एका सुट्टीचं काम, असा अंदाज होता. लागली दहाएक वर्षं! (प्रोजेक्ट एस्टिमेट देताना मॅनेजरला ही गोष्ट सांगायला हरकत नाही :)) त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ८०च्या दशकात सोपी कवचं चढवली, ते लाटेक.

आता मुद्दा. मी डिप्लोमा केला सांगली जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात. तिथे आम्हाला सी शिकवणारे सर आता निवृत्तीला आलेत. पण निवृत्त व्हायच्या आधी त्यांना एक काम पुरं करायचंय: पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी सी-चं प्रॅक्टिकल मॅन्युअल. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून जी पोरं अचानक इंग्रजी पुस्तकांसमोर येऊन पडतात, त्यांच्यासाठी. मीही त्यातलाच. त्यामुळे सरांचा फोन आला आणि ते म्हणाले, "अरे, तुला वेळ असेल तर बघ जरा, नसेल तर राहू दे," तेव्हा 'नसेल'चा प्रश्नच नव्हता.

सरांची कल्पना साधी आहे. पानावर दोन रकाने. डावीकडे कोडच्या चार ओळी, उजवीकडे त्या चार ओळी काय करतात ते मराठीत. मग पुढच्या चार ओळी, पुन्हा मराठी. वर्गात फळ्यावर ते असंच शिकवायचे. डाव्या हाताला प्रोग्रॅम, उजव्या हाताला "आता हा इथे काय करतोय?"

पहिला खर्डा त्यांनी वर्डमधे केला होता. मी वाचायला घेतला आणि पहिल्याच टेबलात थबकलो. पहिल्या चौकटीत 'इंट मेन' होतं, पण 'इंट'चा आय कॅपिटल! पुढच्या चौकटीत 'फॉर'चा एफ कॅपिटल. त्याच्या पुढे 'प्रिंटएफ'चा पी. सी-मधे मोठं आणि छोटं अक्षर म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. कॅपिटल आयवाला 'इंट' कंपायलरच्या गावातच राहत नाही.

सरांनी असं कधीच टाइप केलं नसणार, आणि केलंही नव्हतं. हे वर्डचं काम. वर्डच्या ऑटोकरेक्टमधे 'टेबलाच्या प्रत्येक चौकटीतलं पहिलं अक्षर कॅपिटल करा' असा चक्क एक पर्याय आहे आणि तो मुळातच चालू असतो. भाजीपाल्याच्या यादीला ठीक आहे हो. शिवाय सरळ अवतरणचिन्हं गोल होतात. स्पेस, वजा, स्पेस असं लिहिलं तर वजाबाकीच्या चिन्हाची लांब डॅश होते. डोळ्याला फरक जेमतेम दिसतो. पण तो मजकूर व्हॉट्सअॅपवरच्या पीडीएफमधून कॉपी करून जीसीसीला दिला, की तो म्हणतो 'स्ट्रे \३४२ इन प्रोग्रॅम'. ३४२ म्हणजे त्या गोल चिन्हाचा पहिला बाइट, अष्टमान पद्धतीत. हे मला आज माहीत आहे. सतरा वर्षांच्या पोराला काय माहीत असणार?

इथे मला माझं पहिलं वर्ष आठवलं. आमच्या लॅबमधे निळ्या स्क्रीनचं टर्बो सी होतं, आणि हातात कोणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स खरं तर. त्यातला एक प्रोग्रॅम मी दोन प्रॅक्टिकलं टाइप करत होतो. अक्षर न् अक्षर जुळवून. एरर काही जाईना. कागदावर 'व्हाइल'चा डब्ल्यू कॅपिटल होता आणि मी तो इमानदारीत कॅपिटलच टाइप करत होतो. शेजारचा पोरगा इंग्लिश मीडियमचा, त्यानं बघून सवयीनं छोटा डब्ल्यू टाइप केला आणि त्याचं चाललं. गोष्ट एवढीशीच. पण त्या वयात माणूस 'कागद चुकलाय' असं म्हणत नाही. छापलेलं चुकत नसतं, म्हणजे मीच मठ्ठ, असं म्हणतो. आमच्यातल्या एक-दोघांनी त्या सेमिस्टरला प्रोग्रॅमिंगचा नाद सोडला तो कायमचा. सगळा दोष त्या कागदाचा असं नाही म्हणत मी, पण त्याचा वाटा होताच.

तर हे मॅन्युअल वर्डमधे ठेवायचं नाही, हे मी आणि सरांनी तिथेच ठरवलं. कोडचे स्क्रीनशॉट चिकटवायचा पर्यायही निघाला. पण चित्र झेरॉक्समधे पुसट होतं, कॉपी करता येत नाही, आणि एक सेमीकोलन बदलायचा तर पुन्हा नवा फोटो. सर म्हणाले, "मग तुमचं ते लाटेक बघू या." या वयात माणूस आठ दिवसांत लाटेक शिकला, याचं मला खरंच कौतुक वाटलं. मराठीसाठी झीलाटेक वापरायचं, फाँट सांगताना 'स्क्रिप्ट म्हणजे देवनागरी' हेही सांगायचं, नाहीतर जोडाक्षरं तुटतात, एवढं मी सांगितलं. बाकी त्यांनी स्वतः केलं.

आणि मग टेबलात कोड घातला.

पहिला प्रयत्न: चौकटीत टाइपरायटर अक्षरांची कमांड आणि तिच्या महिरपी कंसात कोड जसाच्या तसा. 'प्रिंटएफ'मधल्या \एन ला लाटेक म्हणालं, 'अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स'. बरोबरच आहे, बॅकस्लॅश दिसला की त्याला वाटतं कमांड आली. व्हेरिएबलच्या नावातल्या _ ला म्हणालं 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड', कारण अंडरस्कोअर म्हणजे गणितातला पायाशी लिहायचा अंक. इफच्या कंसातल्या && ला म्हणालं 'एक्स्ट्रा अलाइनमेंट टॅब', कारण टेबलात & म्हणजे पुढचा रकाना. आणि सम-विषम तपासायच्या प्रोग्रॅममधे % आला, तेव्हा तर मजाच. % म्हणजे लाटेकची कॉमेंट. त्यानं पुढची अख्खी ओळ गिळली, ओळीतला बंद कंसही गिळला, आणि मेसेज आला 'रनअवे आर्ग्युमेंट?'. सरांनी मला विचारलं, "हे प्रश्नचिन्ह कोणासाठी आहे, आपल्यासाठी का त्याच्यासाठी?"

दुसरा प्रयत्न: व्हर्ब नावाची कमांड, जी म्हणते 'यातलं सगळं जसंच्या तसं छाप'. ती काही टेबलांत चालली. पण दोन रकाने जोडायला मल्टिकॉलम वापरलं, त्याच्या आत ती अडकली. मेसेज: 'व्हर्ब एंडेड बाय एंड ऑफ लाइन'. ओळ तर समोर पुरी दिसतेय!

तिसरा प्रयत्न: कोडसाठीच केलेलं लिस्टिंग्ज पॅकेज. साध्या टॅब्युलरमधे चाललं. पण सरांना उरलेली रुंदी आपोआप वाटून देणारं टॅब्युलर-एक्स आवडलं होतं. त्यात घातलं, की सगळं कोसळलं.

नेमकं इथे बहुतेक लोक नेटवरचे दहा उपाय एकामागून एक चिकटवत बसतात. एक चालतो, का ते कळत नाही, आणि पुढच्या टेबलात पुन्हा तेच. म्हणून आधी कारण बघू. कारण एकच आहे, आणि ते समजलं की सगळे उपाय आपोआप सुचतात.

टेक मजकूर वाचतं तेव्हा प्रत्येक अक्षराला एक बिल्ला लावतं. ० ते १५, असे सोळा प्रकारचे बिल्ले. बॅकस्लॅश ०, महिरपी कंस १ आणि २, & ला ४, साध्या अक्षरांना ११, % ला १४, वगैरे. बिल्ला लागला की अक्षराचं नशीब ठरलं. व्हर्ब आणि लिस्टिंग्ज काय करतात, तर पुढचं वाचायच्या आधी टेकला सांगतात, "आता थोडा वेळ सगळ्यांना साधाच बिल्ला लाव." म्हणजे & हा नुसता &, % हा नुसता %.

आता गिरणी आठवा. आपण गव्हाचा डबा घेऊन जातो आणि सांगतो, "जरा जाडसर दळा." हे दळायच्या आधी सांगायचं असतं. पीठ डब्यात पडल्यावर सांगून काय उपयोग? आता समजा सोसायटीतल्या एका उत्साही काकांनी सगळ्यांचे डबे गोळा केले आणि एकदम दळून आणून दारात ठेवले. तुमच्या डब्यावर चिठ्ठी होती 'जाडसर', पण ती वाचली दळून झाल्यावर. चिठ्ठी खरी, डबा खरा, पण पीठ बारीकच.

आर्ग्युमेंट घेणारी प्रत्येक कमांड म्हणजे हे काका. ती आधी आपल्या कंसातला सगळा मजकूर गोळा करते, गोळा करतानाच बिल्ले लागतात, आणि मग आतली व्हर्ब जागी होऊन म्हणते "साधे बिल्ले लावा!" तोवर दळण झालेलं असतं.

एवढं कळलं की कोणत्या टेबलात काय चालेल ते कोडं राहत नाही.

साधं टॅब्युलर चौकटी गोळा करत नाही, वाचत वाचत पुढे जातं. म्हणून त्यात व्हर्ब चालते. मात्र एल, सी, आर हे रकाने एका ओळीचे असतात. त्यात अनेक ओळींचं लिस्टिंग मावत नाही. त्यासाठी ठरावीक रुंदीचा पी रकाना घ्यायचा, की लिस्टिंगही चालतं. पानांवर पसरणारं लाँगटेबल याच जातीचं. मल्टिकॉलम ही आर्ग्युमेंट घेणारी कमांड, म्हणून तिथे नाही. आणि टॅब्युलर-एक्स? त्याला रकान्यांची रुंदी ठरवायला तेच टेबल आतल्या आत अनेकदा मांडून बघावं लागतं. त्यासाठी ते टेबलाचं अख्खं पोट आधी गोळा करून ठेवतं. सोसायटीचे काका! प्रेझेंटेशनच्या बीमरमधे कोड असलेल्या फ्रेमला 'फ्रॅजाइल' लिहावं लागतं, तेही याच कारणानं. ते लिहिलं की बीमर मजकूर आधी एका फाइलीत जसाच्या तसा उतरवतं आणि तिथून परत वाचतं.

आता उपाय. चार आहेत, आणि मला आवडतात त्याच्या उलट्या क्रमानं सांगतो.

पहिला, हातानं प्रत्येक खास चिन्हाआधी बॅकस्लॅश लावणं. लिस्टिंग्जच्या माहितीपुस्तिकेतही आर्ग्युमेंटमधल्या कोडसाठी हीच युक्ती दिलीय: बॅकस्लॅश, दोन्ही महिरपी कंस आणि % यांच्याआधी एकेक बॅकस्लॅश, सलग स्पेस असतील तर त्यांनाही, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी खास खूण. एखाद्या शब्दापुरतं ठीक. तीस प्रोग्रॅमना हे करायचं म्हणजे तीस नव्या चुकांना आमंत्रण.

दुसरा, टॅब्युलर-एक्सचा हट्ट सोडून पी रकाने वापरणं आणि रुंदी स्वतः सांगणं, उदाहरणार्थ दोन्ही रकाने ओळीच्या ०.४५ पट. पुष्कळ वेळा एवढ्यानंच काम भागतं आणि लोक उगाच पुढे जातात. एकच पथ्य: लिस्टिंग संपल्याची खूण स्वतंत्र ओळीवर ठेवायची आणि रकाना बदलणारं & त्याच्या खालच्या ओळीवर.

तिसरा, आधी पोळी करून डब्यात ठेवणं. म्हणजे टेबलाच्या बाहेर, वर, एलआर-बॉक्समधे मिनिपेज आणि त्यात लिस्टिंग असं तयार करून पेटीत बंद करायचं, आणि चौकटीत फक्त 'ती पेटी इथे ठेव' म्हणायचं. पेटीत तयार छपाई असते, मजकूर नसतो, त्यामुळे काकांनी कितीही गोळा केलं तरी तिचं काही बिघडत नाही. मल्टिकॉलममधेही चालतं. छोट्या तुकड्यांसाठी फॅन्सी-व्हर्ब पॅकेजमधे हेच काम करणाऱ्या सेव्ह-व्हर्ब आणि यूज-व्हर्ब कमांडी आहेत.

चौथा उपाय म्हणजे कोड टेबलात लिहायचाच नाही. तो स्वतःच्या .सी फाइलीत ठेवायचा आणि चौकटीत एलएसटी-इनपुट-लिस्टिंग ही कमांड देऊन फाइलीचं नाव सांगायचं. टॅब्युलर-एक्स गोळा करणार ते फक्त नाव. फाइल उघडली जाते कमांड चालते त्या क्षणी, आणि तेव्हा लिस्टिंग्जनं बिल्ले बदललेले असतात. गहू घरीच, गिरणीत फक्त पत्ता!

मला हा उपाय सोपा वाटला म्हणून मी सरांना सुचवला. पण त्याचा खरा फायदा लक्षात यायला एक दिवस गेला, आणि तो लक्षात आणून दिला सरांनीच. फोनवर म्हणाले, "म्हणजे आता पुस्तकात जी फाइल छापली जाते, तीच फाइल मी कंपाइल करू शकतो?"

हो की! वर्डमधला कोड काय, बॅकस्लॅश लावलेला कोड काय, पेटीतला कोड काय, या सगळ्या खऱ्या प्रोग्रॅमच्या नकला. नक्कल केली की ती मूळ प्रोग्रॅमपासून हळूहळू फारकत घेणार. ऑफिसात आपण हेच रोज बघतो. डॉक्युमेंटमधलं उदाहरण दोन रिलीजआधीचं असतं आणि नवा जॉइन झालेला पोरगा बिचारा ते चालवून बघत बसतो. चौथ्या उपायात नक्कलच नाही. कंपायलर जे खातो तेच पानावर येतं.

मग आम्ही एक छोटी स्क्रिप्ट केली. आधी सगळे .सी प्रोग्रॅम जीसीसीनं सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून कंपाइल करायचे. एक जरी नापास झाला तरी पीडीएफ तयारच करायची नाही. वर्डमधले ३१ प्रोग्रॅम फाइलींमधे उतरवले आणि पहिल्यांदा चालवलं. कॅपिटल अक्षरं आणि गोल चिन्हं आधीच साफ केली होती, तरी चार नापास झाले. एकात दोनशे पानांच्या जुन्या टिपणांपासून चालत आलेला एक हरवलेला कंस होता. किती बॅचेसनी तो कंस शोधला असेल, देव जाणे.

दोन रकान्यांचा प्रश्न राहिला होता. चार ओळी इकडे, मराठी तिकडे. त्याची सोय लिस्टिंग्जमधे आहेच. त्याच कमांडला फर्स्टलाइन आणि लास्टलाइन सांगितलं की तेवढ्याच ओळी येतात, आणि ओळींचे आकडेही फाइलीतल्याप्रमाणे पडतात, म्हणजे पाचव्या ओळीपासून घेतलं तर ५. पण सर मधेच एक ओळ वाढवणार आणि खालचे सगळे आकडे सरकणार. त्यावर उतारा म्हणजे लाइनरेंज. प्रोग्रॅममधे कॉमेंट म्हणून खुणेचे शब्द ठेवायचे आणि 'या खुणेपासून त्या खुणेपर्यंत' असं सांगायचं. खुणा छापायच्या नसतील तर तसंही सांगता येतं. मग वर कितीही ओळी वाढू देत.

याचा आणखी एक फायदा. टेबलाची एक ओळ दोन पानांवर तुटत नाही, लाँगटेबलमधेसुद्धा नाही. चाळीस ओळींचा प्रोग्रॅम एकाच चौकटीत कोंबला तर तो पानाच्या खाली उतरून गायब होतो. तुकडे केले की दोन तुकड्यांच्या मधे पान बदलतं. आणि ज्या प्रोग्रॅमचे असे तुकडे पडतच नाहीत, तो टेबलात असायचं कारण नाही. तो सरळ पानभर छापावा, स्पष्टीकरण खाली.

आता किरकोळ त्रास. लिस्टिंगच्या वर थोडी जागा सुटते, त्यामुळे डावीकडचा कोड उजवीकडच्या मराठीपेक्षा खाली घसरतो. वरची आणि खालची जागा शून्य करायची (अबव्हस्किप, बिलोस्किप), पेटी असेल तर मिनिपेज वरून जुळवायचं. दुसरं, स्ट्रिंगमधल्या प्रत्येक स्पेसच्या जागी लिस्टिंग्ज मुळात एक छोटी वाटीसारखी खूण छापतं. ती बंद करा! नाहीतर पोरं ती खूण कीबोर्डवर शोधत बसतील. तिसरं, सरळ अवतरणचिन्हांसाठी अपकोट चालू करा. चौथं, अक्षरं मुळात समान रकान्यांत बसवलेली असतात, त्यामुळे पीडीएफमधून कॉपी करताना मधेच स्पेस घुसतात. कॉलम्सला फुलफ्लेक्सिबल आणि कीपस्पेसेस सांगितलं की पुष्कळ फरक पडतो.

आणि पाचवं, फक्त आपल्यासाठी. लिस्टिंगच्या आत मराठी कॉमेंट लिहू नका. लिस्टिंग्जला जुन्या छोट्या अक्षरसंचाची सवय आहे. झीलाटेकमधे देवनागरी दिली तर अक्षरांचा क्रमच उलटापालटा होतो. सर थोडे हिरमुसले. पण म्हणूनच तर शेजारी दुसरा रकाना आहे! मराठी तिथे, मोकळेपणानं, जोडाक्षरांसकट.

परवा पहिले सहा धडे तयार झाले. सरांनी ते गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे नेले आणि मुद्दाम झेरॉक्सची झेरॉक्स काढून मला फोटो पाठवला. अर्धविराम दिसतोय का बघ म्हणाले. दिसतोय.

मी त्यांना क्नुथची आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या पुस्तकात चूक शोधून देणाऱ्याला ते २.५६ डॉलर बक्षीस देतात, कारण २५६ सेंट म्हणजे 'एक हेक्साडेसिमल डॉलर'. पूर्वी खरा चेक यायचा, २००८ पासून एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र येतं, आणि लोक ते फ्रेम करून लावतात. सरांना ते फार आवडलं. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर आता ठळक अक्षरांत एक ओळ आलीय: छापलेला प्रोग्रॅम चालला नाही तर आधी माझ्याकडे या, चूक पुस्तकाची निघाली तर सांगलीच्या भडंगाचा एक पुडा. मला वाटतं, अख्ख्या मॅन्युअलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. 'पुस्तक चुकू शकतं' हे पोराला पहिल्या दिवशी सांगायला लागतं, आणि ते पुस्तकानंच सांगितलेलं बरं.

भडंगाचे पुडे फार जाणार नाहीत असं मी म्हटलं, सगळं कंपाइल होऊनच छापलंय. त्यावर सर म्हणाले, "डावीकडचं रे. उजवीकडच्या मराठीला कुठे कंपायलर आहे? ते तू वाच."

त्यामुळे आता दर रविवारी एक धडा येतो. या वेळी पॉइंटर आलेत. पॉइंटरला सरांनी 'पत्ता सांगणारा' म्हटलंय आणि टपालाचं उदाहरण दिलंय. पण या पोरांनी शेवटचं पत्र कधी टाकलं असेल, अशी मला शंका आहे. कुरिअर किंवा फूड डिलिव्हरी चालेल का? तुमच्याकडे याहून चांगलं उदाहरण असेल तर जरूर कळवा. मी वाचायला बसतोय.